तिसरा फोटो

भोसरीत मला अजून लोक ‘सर’ म्हणतात. भाजीवाली म्हणते, रिक्षावाला म्हणतो. परवा सिग्नलला एका वाहतूक पोलिसानं अडवलं आणि हेल्मेट कुठंय विचारता विचारता एकदम ‘अरे, सर तुम्ही!’ म्हणाला. पण मी आयुष्यात एक तासही शिकवलेलं नाही. मी क्लार्क होतो. आमच्या कॉलेजात एका मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र चालायचं, जिन्याखालच्या खोलीत. त्या खोलीत बसून मी सत्तावीस वर्षं मोठ्या माणसांचे प्रवेशाचे फॉर्म भरून दिले. शिकवणारे प्राध्यापक फक्त रविवारी यायचे, मी रोज असायचो. त्यामुळे सर मी झालो आणि त्यांना लोक ‘ते रविवारवाले’ म्हणू लागले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिक्षण अर्धवट सुटलेल्या माणसानं नोकरी सांभाळून घरी पुस्तकं वाचायची, रविवारी जमलं तर वर्गाला यायचं, स्वाध्याय लिहून द्यायचे आणि वर्षाच्या शेवटी परीक्षा द्यायची, अशी ही सोय आहे. ऐकायला सोपी आहे. अडचण एवढीच, की रविवार हा विद्यापीठात बसून ठरवलेला आणि भोसरी-चाकणच्या बहुतेक कारखान्यांना सुट्टी असते गुरुवारी. पूर्वी औद्योगिक भागात गुरुवारी वीज नसायची, तेव्हा पडलेली सवय ती पडलीच. म्हणजे रविवारी आमचे वर्ग भरायचे तेव्हा आमचे विद्यार्थी मशीनवर उभे, आणि गुरुवारी विद्यार्थी मोकळे तेव्हा वर्गांना कुलूप. हे मी पाच-सहा वेळा वर लिहून कळवलं. उत्तर आलं नाही. मग मी माझ्या हातातलं तेवढं केलं, गुरुवारी खिडकी संध्याकाळी सातपर्यंत उघडी ठेवली.

चाळिशीतला माणूस शिकायला येतो तेव्हा सरळ खिडकीशी येत नाही. आधी दोन दिवस समोरच्या टपरीवर चहा पितो. तिसऱ्या दिवशी येऊन ‘भावाच्या मुलासाठी चौकशी करायची होती’ म्हणतो. मी सगळी माहिती सांगायचो आणि शेवटी विचारायचो, ‘भावाच्या मुलाची जन्मतारीख काय?’ तो स्वतःची सांगायचा. मग आम्ही दोघंही हसायचो आणि मी कच्चा फॉर्म पुढं ओढायचो. पुढं पुढं सगळं ऑनलाईन झालं तरी मी आधी कागदावर फॉर्म भरून घेणं सोडलं नाही, कारण माझं अक्षर चांगलं आहे. उगाच विनय कशाला? माझ्याकडं अभिमान बाळगावा अशी तेवढी एकच गोष्ट आहे. स्वतःचं नाव नीट अक्षरात फॉर्मवर लिहिलेलं पाहिलं की माणसाचा चेहरा बदलतो. तो थोडा ताठ बसतो.

कागदपत्रांच्या गमतीजमती सांगायला बसलो तर हा अंक पुरायचा नाही. कुणाची मूळ मार्कशीट लेबर कॉन्ट्रॅक्टरनं ठेवून घेतलेली, माणूस पळून जाऊ नये म्हणून. कुणाचं नाव दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि बायको हाक मारते ते तिसरंच. शिक्षण सोडल्यापासून आजवर काय केलं याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागायचं. त्याला गॅप म्हणतात. एका वॉचमनकाकांनी चोवीस वर्षांच्या गॅपपुढं ‘जागा होतो’ एवढंच लिहिलं होतं. मी ते तसंच पुढं पाठवलं आणि विद्यापीठानं मंजूरही केलं.

आणि फोटो. ऑनलाईन फॉर्मची प्रत फोटो चिकटवून केंद्रात जमा करावी लागायची. मी प्रत्येकाला सांगायचो, ‘तीन आणा. एक फॉर्मला, एक ओळखपत्राला.’

‘आणि तिसरा?’

‘असू द्या.’

फोटो हरवतात, डिंक सांडतो, म्हणून एक जादा. ही माझी पद्धत. बहुतेकांचा तिसरा फोटो लागायचाच नाही. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात मी ते सगळे ठेवत गेलो. आमचे शिपाई बबनराव, भोसरी गावातलेच, म्हणायचे, ‘सर, ह्यो डबा म्हंजी निम्मी भोसरी हाय.’ मला ते ऐकून बरं वाटायचं. आज तो डबा डोळ्यांसमोरसुद्धा नको वाटतो.

आता छायाबद्दल सांगतो. खरं तर तिच्याबद्दल सांगायला म्हणूनच या अंकाच्या संपादकांना लेखाचा होकार दिला. एवढा वेळ जे लिहिलं ती टाळाटाळ होती.

छाया वाघमारे पहिल्यांदा आली तीही गुरुवारीच. वय छत्तीस. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात होते. तो बंद पडल्यावर ते विहाराच्या अभ्यासिकेत बसून पोरांना पेपर वाचून दाखवायचे, तिथंच ही लहानाची मोठी झाली. नवरा टेम्पोवर, घरात सासू आणि सातवीतली मुलगी. छाया चाकणला एका कंपनीत कामाला होती. गाड्यांमधल्या वायरी मोजून, कापून, एकत्र बांधायच्या, त्याला तिथं हार्नेस म्हणतात. नऊ वर्षं ती ते बांधत होती, कॉन्ट्रॅक्टरमार्फत. तिनं भावाच्या मुलाचं नाव पुढं केलं नाही. सरळ म्हणाली, ‘मला बीए करायचंय. आजच भरून द्या.’

घाई का, तेही तिनं सांगितलं. तिला महापालिकेत क्लार्क व्हायचं होतं. त्या परीक्षेला पदवी लागते आणि वयाची अट असते. पदवीला तीन वर्षं. त्यानंतर वयात बसून परीक्षा द्यायला तिच्याकडं फार तर तीन-चार संधी उरत होत्या. एक वर्ष वाया गेलं तर एक संधी गेली. हे तिनं वहीच्या मागच्या पानावर मांडून आणलं होतं. इतकं नीट गणित करून आलेलं माणूस मी त्या खिडकीत क्वचित पाहिलं.

बारावीची मार्कशीट चांगली होती. मी फॉर्म भरायला लागलो. ‘सध्याचा व्यवसाय’ या रकान्याशी आलो तेव्हा ती खिडकीतून जरा आत वाकली.

‘सर, तिथं गृहिणी लिहा. कंपनीचं नाव कुठंच नको.’

‘का गं?’

‘कंपनीत मी सातवी पास आहे.’

मला याचं नवल वाटलं नाही. आमच्या भागात हा प्रकार सर्रास चालतो, बाहेरच्यांना पटत नाही म्हणून समजावून सांगतो. जग शिक्षण फुगवून सांगतं, आमच्याकडं माणसं ते लपवतात. लाईनवरच्या कामाला काही कॉन्ट्रॅक्टर मुद्दाम कमी शिकलेल्या बायका मागतात. जास्त शिकलेली टिकत नाही, प्रश्न विचारते, चार जणींना गोळा करते, असं त्यांचं म्हणणं. छायाला काम हवं होतं तेव्हा ‘आठवीच्या वर नको’ असा निरोप होता. मग तिनं पालिकेच्या शाळेत जाऊन सातवीच्या दाखल्याची दुय्यम प्रत काढली आणि ती जोडली. दाखला खराच होता. पुढची पाच वर्षं तेवढी तिनं सांगितली नाहीत. आपण कमीच शिकलोय याचा पुरावा कुणी मागत नाही.

‘आता तर जास्तच जपायला लागतंय सर,’ ती म्हणाली. ‘आमच्यातल्या दहा जणींना कंपनी स्वतःच्या रोलवर घेणारे. माझं नाव यादीत आहे.’

रोलवर म्हणजे कायम. पीएफ, रजा, आजारपणाला आधार, आणि मुख्य म्हणजे उद्या काम असेल की नाही या भीतीतून सुटका. तिचं गणित असं होतं, की कायम नोकरीच्या जोरावर तीन वर्षांत पदवी काढायची आणि मग ती नोकरी सोडून पालिकेत जायचं. मी तिला शब्द दिला. म्हटलं, या खिडकीतून काही बाहेर जात नाही. तिनं तीन फोटो दिले. निळी साडी, केस चापूनचोपून बसवलेले, ओठ घट्ट मिटलेले. स्टुडिओवाल्यानं हसायला सांगितलं असणार आणि हिनं ऐकलं नसणार.

त्या वर्षी आमच्या केंद्राचे प्रवेश फारच घटले होते. केंद्रप्रमुख म्हणाले, असंच चाललं तर पुढच्या वर्षी केंद्र राहत नाही, काहीतरी जाहिरात करा. आता पिंपरी-चिंचवडमध्ये जाहिरात म्हणजे फ्लेक्स. इथं वाढदिवसाला फ्लेक्स लागतो, बाराव्याला लागतो, कुत्रा हरवला तरी लागतो. दुसऱ्या केंद्रांच्या फ्लेक्सवर टोप्या उडवणारी गोरीगोमटी पोरं असायची, कुठल्या तरी परदेशी फोटोतून उचललेली. मला कल्पना सुचली, की आपण आपलीच माणसं लावू. भोसरीतली, रोज दिसणारी. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, हा शिकतोय तर मी का नाही?

कल्पना चांगली होती. तेच तर दुःख आहे, कल्पना खरंच चांगली होती.

मी बिस्किटांचा डबा उपडा केला. एक सिक्युरिटी गार्ड निवडला, एक लेथवाला, एक रिटायर ड्रायव्हर. बाईमाणूस हवंच होतं. छायाच्या फोटोत काहीतरी असं होतं, की नजर तिथंच थांबायची. मी कुणालाच विचारलं नाही. डब्यातले फोटो मला इतकी वर्षं माझेच वाटत आले होते. छायाला दिलेला शब्द मी विसरलो होतो असंही नाही. मला तो पक्का आठवत होता, म्हणून तर मी नावाखाली कंपनी लिहिली नाही, नुसतं ‘छाया वाघमारे, वय ३६, बीए प्रथम वर्ष’ एवढंच दिलं. आपण किती काळजी घेतली, असं मनाशी म्हटल्याचंही आठवतं. वर्षानुवर्षं कागदावर काम केलेल्या माणसाला वाटतं, जे कागदावर लिहिलं नाही ते कुणाला कळत नाही. चेहरा हीसुद्धा माहिती असते, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात छापलं, ‘शिकायला वय नसतं!’ आणि तो लावला उड्डाणपुलाखाली, चाकणच्या कंपनीच्या बसगाड्या जिथं पहाटेच्या शिफ्टला थांबतात तिथं. जागा मीच सुचवली. म्हटलं, आपलं गिऱ्हाईक तिथंच उभं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बबनराव धावत आले. ‘सर, त्या फलकावरची बाई आलीया. खाली पायरीवं बसलीया. काय बोलंना.’

छाया कामावरून तशीच आली होती. अंगावर कंपनीचा कोट होता. मला वाटलं रागावेल, ओरडेल. तिनं फक्त विचारलं, ‘सर, मी तुम्हाला काय सांगितलं होतं?’

मी म्हटलं, ‘कंपनीचं नाव कुठं टाकलंय?’

‘अख्खी बस उतरून बघत होती सर. पोरी टाळ्या वाजवायला लागल्या. पेढे मागत होत्या.’ मग ती जरा हसल्यासारखी झाली. ‘मला पण आधी बरंच वाटलं. एवढा मोठा फोटो माझा कुणी लावला नव्हता.’

तासाभरात बबनराव आणि मी रिक्षानं जाऊन फ्लेक्स उतरवला. लेथवाला आणि ड्रायव्हर दोघांनीही फोन करून विचारलं, का काढला म्हणून. त्यांना नातेवाईकांना दाखवायचा होता.

पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. बसमधून पोरींच्या मोबाईलवर, मोबाईलवरून कुठं कुठं. चार दिवसांनी छायाला कॉन्ट्रॅक्टरनं गेटवरच थांबवलं. कार्ड मशीनला लागेना. दहाच्या यादीतून नाव गेलं आणि हातचं कामही गेलं. कारण दिलं, खोटी माहिती.

माझं वय तेव्हा बावन्न होतं. मी कधी कुणाच्या दारात रदबदलीला गेलो नव्हतो. गुरुवार सोडून रजा टाकली आणि चाकणला गेलो. गेटवर सिक्युरिटीनं माझ्या मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. आत फोटो काढायला बंदी असते. मला तेव्हा वाटलं, ही चिकटपट्टी आठ दिवस आधी कुणी माझ्या हातावर लावली असती तर बरं झालं असतं.

एचआरच्या केबिनमधला माणूस मला बघून उभाच राहिला. ‘सर! तुम्ही इथं?’ तो महेश निघाला. बारा वर्षांपूर्वी तो भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये स्टोअर हेल्पर होता. त्याचा बीकॉमचा फॉर्म मी भरला होता. पुढं त्यानं एचआरचा डिप्लोमा केला आणि इथवर आला. माझा जीव भांड्यात पडला. मनात म्हटलं, आपलाच माणूस आहे, काम झालं.

मी सगळं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. चहा आला, तो तसाच राहिला.

‘सर, तो फोटो ऑफिसच्या ग्रुपवर मीच टाकला,’ तो म्हणाला.

मला कळेना.

‘मी रोज तिथून जातो. आपल्या केंद्राचा फ्लेक्स दिसला, त्यावर आपल्या लाईनच्या ताई. मला इतका आनंद झाला ना सर. मी लिहिलं, आमच्या कंपनीचा अभिमान. मी पण ह्याच केंद्राचा विद्यार्थी. प्लँटच्या मोठ्या साहेबांनी बघितलं. ते म्हणाले, व्हेरी गुड, यांची फाईल आणा, सत्कार करू.’ तो थांबला. ‘फाईल आणायला मीच गेलो. त्यात सातवी.’

‘मग तू बोलायचं ना काही.’

‘बोललो सर. साहेब म्हणाले, जी बाई शिक्षण लपवते ती अजून काय काय लपवत असेल? त्यापुढं मी काय बोलणार?’

‘अरे, पण जास्त शिकलीय ती. कमी नाही.’

‘खोटं ते खोटंच सर. रूल आहे.’ मग आवाज उतरवून म्हणाला, ‘माझ्या पण फाईलमधला पहिला फॉर्म तुमच्याच अक्षरात आहे. तो मी जपून ठेवलाय.’

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपण म्हणतो आणि हसतो. मी गेटबाहेर आलो, मोबाईलवरची चिकटपट्टी ओरबाडून काढली आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. ज्याला शिकायला मदत केली त्यानं कौतुकानं, आणि मी उत्साहानं, असं दोघांनी मिळून एका बाईचं नऊ वर्षांचं काम घालवलं होतं. दोघांपैकी एकाचंही मन वाईट नव्हतं. निदान वाईट असतं तर शिव्या द्यायला कुणीतरी मिळालं असतं.

छाया त्यानंतर दोनदा केंद्रात आली. एकदा पुस्तकं न्यायला, एकदा पहिला स्वाध्याय द्यायला. स्वाध्याय उत्तम लिहिला होता. मी माफी मागितली. ती म्हणाली, ‘राहू द्या सर, आता काय.’ तिला दुसऱ्या कंपनीत काम लागेना, कारण कॉन्ट्रॅक्टर सगळे एकमेकांना ओळखतात. भोसरीची खोली सोडून ती चिखलीला गेली. फोन लागेनासा झाला. परीक्षेच्या दिवशी तिचं हॉल तिकीट छापून मी गेटवर उभा होतो. पेपर सुरू झाल्यावर अर्ध्या तासापर्यंत आत घेतात. मी पाऊण तास थांबलो. पुढच्या वर्षीही थांबलो. तिसऱ्या वर्षी हॉल तिकीट निघालंच नाही.

तिचं ओळखपत्र माझ्याकडंच राहिलं. ते न्यायला ती कधी आलीच नाही. निळी साडी, मिटलेले ओठ. ड्रॉवर उघडला की दिसायचं. मी ते उलटं करून ठेवायचो आणि चार दिवसांनी कुणाचं तरी काही शोधताना ते पुन्हा सुलटं झालेलं असायचं. त्यानंतर मी लोकांना दोनच फोटो आणायला सांगू लागलो. बबनरावांनी कारण विचारलं नाही. बिस्किटांचा डबा त्यांनीच एक दिवस कुठंतरी नेऊन रिकामा केला.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. निरोपाच्या भाषणांत मी किती जणांची आयुष्यं घडवली हे सगळ्यांनी सांगितलं. महेशही आला होता, शाल त्यानंच घातली. घरी आल्यावर ड्रॉवरमधलं सामान पिशवीतून काढलं, त्यात ते ओळखपत्र निघालं. बायको म्हणाली, ‘आता तरी देऊन या ते ज्याचं त्याला.’ पत्ता शोधायला दोन आठवडे लागले. चिखलीत, भंगाराच्या गोदामांच्या मागं, पत्र्याच्या खोल्यांची एक रांग आहे, तिथं ती राहते.

छाया दारातच बसली होती. समोर रबराच्या काळ्या वायशरांचं पोतं होतं. वायशरांच्या कडेला राहिलेली साल ब्लेडनं कापून टाकायची, असं काम ती घरी आणून करत होती. मला पटकन ओळखलं. ‘सर! या ना. प्रज्ञा, पाणी आण सरांना.’ केस बरेच पांढरे झाले होते. वयाची अट तिनं एव्हाना ओलांडली होती, किंवा ओलांडायच्या बेतात होती. मी मनातसुद्धा हिशेब केला नाही.

मी ओळखपत्र दिलं. तिनं ते पदराला पुसलं, बघितलं. ‘बारीक होते ना मी,’ म्हणाली आणि फळीवर एका डब्यामागं ठेवून दिलं. मी पाठ करून गेलेलं काहीतरी बोलायला लागलो. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘सर, बरं झालं आज आलात. प्रज्ञाचा एक फॉर्म भरायचाय. उद्या द्यायचाय. तुमच्यासारखं कुणाला जमणार?’

खरं सांगतो, त्या क्षणी मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. प्रज्ञा म्हणजे तेव्हाची सातवीतली मुलगी. ती बारावी झाली होती, कॉमर्स, आणि मार्क आईपेक्षाही चांगले. मला वाटलं, देवानं नाही तर निदान छायानं मला एक संधी दिली. मी चष्मा लावला, खिशातलं पेन काढलं, मांडी घालून नीट बसलो. प्रज्ञानं फॉर्म पुढं ठेवला.

एकच पान होतं. वर एका लेबर कॉन्ट्रॅक्टरचं नाव होतं. चाकणचा.

मी छायाकडं बघितलं. ती वायशर कापत होती.

‘छाया, अगं हिला पुढं शिकू दे. मी स्वतः सगळं करतो. फी-बी काय असेल ते...’

‘तुम्ही फॉर्म भरा सर.’

मी नाव लिहिलं. पत्ता लिहिला. जन्मतारीख लिहिली. चौथा रकाना शिक्षणाचा होता. माझं पेन तिथं थांबलं.

‘आठवी,’ छाया म्हणाली. मान वर केली नाही. ‘आठवीचा दाखला काढून आणलाय. पिशवीत आहे.’

‘मार्क चांगले आहेत गं हिचे.’

‘माहितीय सर. म्हणून तर कुणाला दाखवायचे नाहीत.’

मी वाट बघितली, ती काही बोलेल म्हणून. मग प्रज्ञाकडं बघितलं, ती काही बोलेल म्हणून. प्रज्ञानं पिशवीतून आठवीचा दाखला काढून फॉर्मशेजारी ठेवला. सत्तावीस वर्षांत मी हजारोंचं शिक्षण त्या रकान्यात लिहिलं होतं, कुणाचं एका इयत्तेनंही कमी लिहिलं नव्हतं. मी लिहिलं, ‘इयत्ता ८ वी उत्तीर्ण’. सवयीनं नीट, वळणदार आलं.

प्रज्ञा खांद्यावरून बघत होती. ‘किती छान अक्षर आहे सर तुमचं,’ ती म्हणाली आणि पाकिटातून फोटो काढून दिले. तीन होते. आईनंच सांगितलं असणार.

फॉर्मवर छापलं होतं, फोटो दोन. मी एक चिकटवला, एक टाचणीनं लावला आणि तिसरा तिच्या हातात परत ठेवला.

‘असू द्या ना सर,’ ती म्हणाली.

‘नको,’ मी म्हटलं. ‘तुझ्याजवळच ठेव. कुणालाच देऊ नकोस.’